पंचवटीनं जायचं, पंचवटीनं यायचं

नाशकात मुंबईच्या फेरीला ठरलेलं नाव आहे. कुणी विचारलं, 'मुक्काम आहे का मुंबईला?' तर उत्तर येतं, 'छे, पंचवटीनं जायचं, पंचवटीनं यायचं.' एवढ्यात सगळं कळतं. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, पावणेअकराच्या आसपास मुंबई, संध्याकाळी सव्वासहाला परतीची गाडी आणि रात्री दहा-साडेदहाला घरचं दार. मनमाडहून सुटणारी ही गाडी १९७५ साली सुरू झाली. माझा जन्म तिच्यानंतरचा. त्यामुळे मुंबई म्हणजे मधले साडेसात तास, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलंय. त्या साडेसात तासांत काय काय बसवायचं याचा हिशोब आदल्या रात्री जेवणं झाल्यावर व्हायचा. त्या हिशोबाला आमच्याकडे 'यादी' म्हणत.

यादी कधीच एकट्याची नसे. आई मुंबईला जाणार ही बातमी दुपारी वाड्यात पसरली की संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या येऊ लागत. समोरच्या वहिनींच्या चिठ्ठीला साडीच्या काठाची बोटभर चिंधी टाचणीनं लावलेली असे; त्या रंगाचा टू बाय टूचा ब्लाउजपीस मंगलदास मार्केटातूनच यायला हवा असायचा, कारण नाशकात 'तो' रंग मिळत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. दादाला वॉकमनच्या हेडफोनचे स्पंज हवे असत, ते नारिंगी, गोल, आठ दिवसांत फाटणारे. आजीला मुंबादेवीचं कुंकू. बाबा लॅमिंग्टन रोडचा एखादा सुटा भाग लिहून देत आणि खाली दोन रेघा ओढत, म्हणजे विसरायचं नाही. सगळ्यात शेवटी, वेगळ्या कागदावर, आम्हा भावंडांची गाण्यांची यादी असे.

गेल्या फेब्रुवारीत मी बऱ्याच वर्षांनी अशी यादी घेऊन निघाले. ताईच्या मुलीचं लग्न ठरलंय. ताईचे गुडघे आता मंगलदासच्या गल्ल्यांत टिकत नाहीत, म्हणून भाची म्हणाली, 'मावशी, तू चल.' ताईनं यादी फोनवर पाठवली, आणि तरी पहाटे निघताना कागदावर लिहिलेलीही हातात ठेवली. आहेराचे पंचवीस ब्लाउजपीस, ओटीचे खण, अस्तराचं कापड, रुखवतासाठी गोंडे आणि लेस, लोहार चाळीतून दिव्यांच्या माळा. गाडीत बसल्यावर भाचीनं तिचं एक कलम त्यात घातलं. 'आणि शंभर कॅसेट.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

'संगीतच्या दिवशी नव्वदच्या दशकाची थीम आहे. प्रत्येक टेबलावर पाच-सहा ठेवायच्या. खऱ्याच हव्यात, प्लास्टिकच्या खोट्या नकोत.'

'वाजणाऱ्या?'

'वाजायची काय गरज आहे, मावशी? नुसत्या ठेवायच्यात.'

ती अगदी सरळ बोलली. तिचा जन्म २००० नंतरचा. गाणं ज्यात अडकलेलं असतं अशी वस्तू तिनं कधी वापरलेलीच नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. इगतपुरी गेलं, वडे घेऊन पोरं डब्यात चढली आणि उतरली, आणि गाडी थळ घाट उतरू लागली. या घाटाचा चढ सदतिसाला एक आहे. वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून आणखी इंजिनं लावावी लागतात. उतरताना मात्र गाडी दम धरून, ब्रेकांवर उतरते. बोगद्यामागून बोगदे येतात आणि दर अंधारात खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. त्या घाटात मी भाचीला आमची कॅसेट सांगितली.

आमच्या घरी माणसं सात आणि टेपरेकॉर्डर एक. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे अर्ध्या तासाला सुमारे ८६ मीटर. पाच-सहा मिनिटांचं एक गाणं धरलं तर एका बाजूला पाच-सहा गाणी, दोन्ही मिळून अकरा. सात माणसांना प्रत्येकी एक, आणि उरलेल्या चारांवर भांडण. हे भांडण वहीच्या पाठकोऱ्या पानावर चाले. नावापुढे अक्षर लिहायचं: आ म्हणजे आई, बा म्हणजे बाबा, ता, दा, आणि शेवटी मी. आजीचा अभंग दोन्ही बाजूंच्या सुरुवातीला नको, असं दादाचं म्हणणं. शेवटी नको, असं आजीचं म्हणणं, कारण शेवटचं गाणं हमखास मधेच तुटे. अखेर तो मधे बसला. एका बाजूला दलेर मेहंदी, दुसऱ्या बाजूला लकी अली आणि मधे भीमसेनांचा अभंग. आजही तो अभंग संपला की माझ्या कानाला पुढे 'सुनो'मधल्या गिटारची अपेक्षा असते.

गाणी यायची कुठून? काही मुंबईहून विकत आणलेल्या कॅसेटींतून. मग चुलतभावाच्या डबल डेकवर त्यातलं एकेक आमच्या कॅसेटवर उतरवायचं. काही थेट टीव्हीवरून. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'सुपरहिट मुकाबला' लागला की टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीसमोर उशीवर ठेवायचा, लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं आणि साऱ्या घरानं श्वास धरून बसायचं. पण घर कुठं गप्प बसतं! आमच्या एका गाण्यात आजी स्पष्ट म्हणते, 'चहा ठेवू का?' आणि चार जण एकदम 'श्श' करतात. ते 'श्श' गाण्यापेक्षा मोठं आलं होतं. आम्ही ते पुसलं नाही, कारण पुसलं तर गाणं जाणार.

भाची हसली. मग म्हणाली, 'पण मावशी, तुझं आवडतं कोणतं होतं? फक्त तुझं.'

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते सारा दिवस मनात राहिलं. आता नव्वदच्या दशकाच्या गाण्यांच्या मैफली होतात, लोक 'माझं नव्वद' म्हणून तिकिटं काढून जातात, आणि जावं, मीही गेलेय. पण माझ्या आठवणीत 'माझं' असं गाणं एकही नाही. ताईचं आहे, दादाचं आहे. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ साली आलं. ते ताईचं, कारण त्या व्हिडिओत लाकडी खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण तिला आवडे. पण त्याच्या ओळी आईला पाठ होत्या, आणि बाबा दाढी करताना तीच चाल शिट्टीवर वाजवत. गाणं एकाचं असे आणि ऐकावं सगळ्यांना लागे. आवडून घ्यावं लागे, असंही म्हणता येईल. आजीला लकी अली कळला नाही, पण त्याच्या व्हिडिओतले इजिप्तचे पिरॅमिड तिला फार आवडले. तिनं मला विचारलं होतं, 'हे बांधलं कुणी गं?' पुढे पंधरा दिवस घरात रात्री पिरॅमिडांवर बोलणं चाललं होतं.

ताईच्या वयाच्या मुलींची वेगळी एक नायिका होती, नाझिया हसन. १९८० सालच्या 'कुर्बानी'त ती गायली तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आलं. त्या कॅसेटचं कव्हर ताईनं वहीवर चिकटवलं होतं. नाझियाची गाणी आणि पुढचं 'मेड इन इंडिया', या दोन्हींमागे संगीतकार एकच, बिड्डू. बंगळुरात जन्मलेला, लंडनला गेलेला माणूस. म्हणजे ताईचं शाळेचं वय आणि लग्नाचं वय एकाच माणसाच्या ठेक्यावर गेलं, हे तिला माहीतही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती. नाझिया २००० साली गेली, पस्तिसाव्या वर्षी. भाचीनं तिथल्या तिथे फोनवर तिचा फोटो शोधला आणि म्हणाली, 'किती लहान दिसते.'

मुंबई आली. स्टेशनाबाहेर पडलं की भुयारी मार्ग, मग उजवीकडे चालत दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट. १८६९ सालची ही इमारत आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण नाशिकची यादी अजून 'क्रॉफर्ड'च लिहिते. आम्ही तिला वळसा घालून मंगलदास मार्केटात शिरलो.

मंगलदासविषयी मला मनापासून सांगायचं आहे. तिथे कापडाला वास असतो. कोऱ्या कापडाची खळ, रंग, आणि बंद जागेतल्या पंख्यांची गरम हवा, सगळं मिळून एक वास होतो, तो मला डोळे मिटून ओळखता येतो. छपराखालच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाद्यांवर बसलेले दुकानदार, पाठीशी छतापर्यंत ताके. 'या ताई, सिल्क बघा, चंदेरी बघा, बघायचे पैसे नाहीत.' एकानं ताका खेचून समोर फेकला की तो उलगडत आपल्या पायापर्यंत येतो आणि बरोबर थांबतो. हा हात कमवायला वर्षं लागत असावीत. मी आईबरोबर आले तेव्हा असाच एक ताका माझ्या पायाशी थांबला होता, जांभळा. आई घासाघीस करी ती अगदी शांतपणे. दुकानदारानं भाव सांगितला की ती कापडावरून हात फिरवत राही, काहीच बोलत नसे. तो उतरे. ती अजून हात फिरवे. तो पुन्हा उतरे. मग ती पिशवी उघडे. मी भाचीला हे सांगितलं, आणि तिनं आहेराच्या ब्लाउजपिसांवर तेच करून पाहिलं. तिचा हात अगदी आईसारखा फिरत होता. दुकानदार दोनदा उतरला.

खण घेतले. अस्तर घेतलं. लोहार चाळीत माळा घेतल्या. तिथला पोरगा प्रत्येक माळ लावून, पेटवून दाखवत होता. अब्दुल रहमान स्ट्रीटवर लेस आणि गोंडे. दुपारी बादशहाकडे फालुदा. हे दुकान १९०५ पासून तिथेच, क्रॉफर्ड मार्केटासमोर. आई तिथे एकच फालुदा घेई आणि दोन चमचे मागे. आम्ही दोन घेतले.

नंतर चोर बाजार. मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत: घड्याळं, झुंबरं, ग्रामोफोनचे भोंगे, सिनेमाची पोस्टरं, जहाजांची दिशादर्शक यंत्रं. शुक्रवारी ती बंद असतात; आम्ही बुधवारी गेलो होतो. कॅसेटींसाठी फार शोधावं लागलं नाही. एका दुकानाच्या पायरीपाशी अख्खं पोतं होतं, तोंड उघडं. 'डेकोरेशन के लिए?' दुकानदारानंच विचारलं. म्हणजे भाची पहिली नव्हे. सुटी घेतली तर दहाला एक, शंभर घेतल्या तर सातशे. भाचीनं पुन्हा तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, हात फिरवला आणि पाचशेवर ठरलं.

मग ती पायरीवर बसून निवडू लागली. रंगावरून निवडत होती. पांढऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या, पारदर्शक सगळ्यात आधी. मी शेजारी बसले आणि नावं वाचू लागले. सिनेमांच्या कॅसेटी, गझला, आरत्या, कोळीगीतं, 'शिका इंग्रजी तीस दिवसांत', एका बाबांची प्रवचनं. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी आलेली. मुंबईच्या दमट हवेत हे होतंच. काहींतला आतला नमद्याचा तुकडा, फितीला मागून दाबून धरणारा, गळून गेलेला. कोऱ्या विकत घेऊन भरलेल्या कॅसेटीही पुष्कळ. सोनीच्या, टीडीकेच्या. त्यांच्या डोक्यावरचे दोन प्लास्टिकचे कान मोडलेले, म्हणजे कुणी चुकून वर दुसरं भरू नये. मोडलेले कान पाहिले की मी ओळखते, ही कुणाला तरी ठेवायची होती.

त्यातलीच एक हातात आली. साठ मिनिटांची. आतल्या कार्डावर निळ्या शाईनं मराठीत यादी. बाजू अ, बाजू ब. अक्षर एकाचं नव्हतं. किमान तिघांचं होतं. आणि प्रत्येक गाण्यापुढे एक अक्षर. आ. बा. मो. धा. मोठी आणि धाकटा असावेत. एका ओळीपुढे 'आ' खोडून 'धा' लिहिलेलं, आणि ते खोडून पुन्हा 'आ'. बाजू अ, तिसरं: नाझिया, मो. बाजू ब, पहिलं: गारवा, पुढे चारही अक्षरं.

मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' १९९८ च्या सुमारास आला, तेव्हा मी कॉलेजात होते. आधी सौमित्र कविता बोलतो, मग इंगळे गातात. तोपर्यंत पॉप म्हणजे हिंदी किंवा पंजाबी. आपल्या घरात आपण बोलतो त्या भाषेत कुणी पावसाचं असं काही करेल, असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आमच्या घरीही त्या कॅसेटपुढे सगळ्यांची अक्षरं होती. आईनं ती स्वयंपाकघरात नेली आणि पावसाळा संपेपर्यंत बाहेर येऊ दिली नाही. त्या काळच्या सगळ्या पॉपमध्ये टिकेल असं मला हेच वाटतं, आणि तेव्हाही वाटत होतं. बाकी पुष्कळ गाणी आम्हाला आवडत होती कारण आम्ही सोळा वर्षांचे होतो. 'गारवा' आईलाही आवडत होता, आणि ती पंचेचाळीस वर्षांची होती.

मी ते कार्ड भाचीसमोर धरलं. तिनं वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. 'तुमच्यासारखीच,' ती म्हणाली. मग तिनं ती कॅसेट शंभरांच्या पिशवीत घातली नाही, खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवली.

टॅक्सीनं काळा घोडा. मला तिला ऱ्हिदम हाऊस दाखवायचं होतं, म्हणजे ते जिथे होतं तो कोपरा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, १९४० च्या दशकापासून गाण्यांचं दुकान. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर ते बंद झालं. आमच्या यादीतली अवघड गाणी इथे मिळत. मला मात्र तिथल्या ऐकायच्या जागेचं अप्रूप. विकत घेण्याआधी कॅसेट ऐकू देणारं दुकान मी दुसरं पाहिलं नव्हतं. गावी आम्ही नावावर आणि कव्हरवर कॅसेट घ्यायचो आणि घरी येऊन पस्तावायचो किंवा आनंदायचो. इथे एकदा ताईनं कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहून गाणं कसं असेल याचा अंदाज बांधत उभी राहिले. पाच मिनिटांनी तिनं एक कान माझ्याकडे वळवला. आम्ही डोक्याला डोकं लावून एकेका कानानं ऐकलं. काउंटरवरच्या माणसानं आम्हाला हटकलं नाही, घाई केली नाही, आणि आम्ही शेवटी एकच कॅसेट घेतली तरी त्याचं तोंड वाकडं झालं नाही. गाडीला तास राहिला होता म्हणून आम्हीच निघालो.

आता तिथे चौकात घोडा आहे. ज्याच्यावरून या भागाचं नाव पडलं तो राजा एडवर्डचा पुतळा १९६५ साली इथून हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये नवा घोडा उभा राहिला, पाठीवर स्वार नसलेला. दुकान बंद झाल्याच्या पुढच्या वर्षी. भाचीनं घोड्याचा फोटो काढला, मग दुकानाच्या कोपऱ्याचाही काढला आणि तिथल्या तिथे ताईला पाठवला. ताईचा लगेच फोन आला. 'बूथ उजव्या हाताला होते ना गं?' मला आठवलं नाही. आम्ही दोघी फोनवर त्यावर बोलत राहिलो, रस्त्याच्या कडेला, हातात पिशव्या घेऊन.

सव्वासहाची गाडी. डबा आमच्यासारख्यांनी भरलेला होता. कुणाच्या मांडीवर साड्यांचे खोके, कुणाच्या डोक्यावरच्या फळीवर गुंडाळलेली चटई. रोजच्या पासवाल्या बायका कल्याणच्या पुढे भाजी निवडायला बसल्या. कसाऱ्याला इंजिनं लागली, हिसका बसला आणि गाडी चढू लागली. तेव्हा भाचीनं विचारलं, 'मावशी, तुमची ती कॅसेट कुठंय? तुझ्या आजीच्या चहाची?'

हा प्रश्न सकाळपासून येणार होता, मला माहीत होतं. मी तिला खरं सांगितलं. २००९ साली वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे होतं. दोन खोकी कॅसेटी होत्या, टेपरेकॉर्डर बंद पडला होता, आणि फोनमध्ये सगळी गाणी मिळत होती. मी दोन्ही खोकी भंगारवाल्याला दिली. त्यानं ती रद्दीबरोबर काट्यावर चढवली. गाणी सगळी पुन्हा मिळाली. अभंग मिळाला, लकी अली मिळाला, नाझिया मिळाली. आजीचं 'चहा ठेवू का' मात्र त्या एकाच फितीवर होतं. आजी २००३ मध्ये गेली. तिचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही.

भाची काही बोलली नाही. तिनं पर्समधून ती अनोळखी कॅसेट काढली, पेन्सिल मागितली आणि छिद्रात घालून ढिली पडलेली फीत हळूहळू ताणून घेतली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा कुठेतरी पाहिलं असेल. बोगद्यात शिरल्यावरही तिचा हात फिरतच होता.

पुढच्या रविवारी दादानं एक जुना डेक आणला, हेड स्पिरिटच्या कापसानं पुसला, रबरी पट्टा बदलला. आम्ही सगळे जमलो. ताई खुर्चीत, पाय लांब करून. कॅसेटवर तिसरं गाणं, ते 'मो'चं. टीव्हीसमोर धरून भरलेलं होतं, हे पहिल्या क्षणाला कळलं, कारण गाण्याच्या मागे पंखा फिरत होता. कडव्याच्या मधे दूरवर कुठेतरी एक बाई ओरडली, 'पाणी आलं!' मग बादल्यांचे आवाज, पावलं, आणि अगदी जवळून कुणीतरी लहान आवाजात म्हणालं, 'थांब ना, गाणं संपू दे.' गाणं पुढे चालू राहिलं. नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं तेही त्यात आलंय.

ताईनं ते तीनदा लावायला सांगितलं. ती कॅसेट त्या माणसांना परत करायची आमची फार इच्छा आहे. पण कार्डावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त चार अक्षरं. ती आमच्याकडे सांभाळून ठेवली आहे. दादानं तिचे पाचही स्क्रू काढून नमद्याचा तुकडा नवा बसवला आणि तिची एक प्रत संगणकावर उतरवून घेतली.

संगीतच्या टेबलांवर नव्याण्णव कॅसेटी मांडायच्या ठरल्या आहेत.

तुमच्या माळ्यावर भरलेल्या कॅसेटींचं खोकं असेल, तर ते काट्यावर चढवण्याआधी एकदा खाली काढा. विकत घेतलेल्या बाजूला ठेवा, ती गाणी मिळतील. घरी भरलेल्या तेवढ्या ऐका. टेपरेकॉर्डर बंद असेल तर कुणाकडून तरी मागून आणा. फीत तुटली असेल तर चिकटवता येते, नमदा गळला असेल तर नवा बसतो, गुंतली असेल तर पेन्सिल चालते. बुरशी वाढायच्या आत करा, आणि या पावसाळ्याच्या आधी करा.